हॉपकिन्सन बारवर पहिला शॉट मारण्याआधी

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एम.ई.ची दोन-तीन पोरं येतात, सर इम्पॅक्ट टेस्टिंग करायचंय, प्रोजेक्टला जरा वेगळा टॉपिक हवाय. आणि पहिला प्रश्न ठरलेला, यूटीएमचा, म्हणजे सावकाश दाबून-ताणून बघायच्या आपल्या नेहमीच्या मशीनचा, स्पीड फुल केला तर नाही का चालणार? नाही चालणार. समजा तुमच्या यूटीएमचा फुल स्पीड मिनिटाला ५०० मिलिमीटर आहे, म्हणजे सेकंदाला ८ मिलीच्या थोडं वर. त्याखाली ५ मिली उंचीचा जॉब, म्हणजे तपासायचा तुकडा, ठेवला तर स्ट्रेन रेट, म्हणजे उंचीच्या मानानं तो किती वेगानं दबतो तो आकडा, येतो दर सेकंदाला पावणेदोनच्या आत. गाडी ठोकली की बंपरमागच्या पत्र्यात हाच आकडा शेकड्यात जातो, लेथवर चिप निघते तिथे तर हजारो-लाखोंत. आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडमधे फोर्जिंग, प्रेस शॉप, गाड्यांचे पार्ट्स सगळं आहे, पण सिम्युलेशन करणारा पोरगा मटेरियल डेटा मात्र सावकाश दाबलेल्या जॉबचाच घालतो आणि मग म्हणतो रिझल्ट जुळत नाही.

मग चार्पी टेस्ट का नको? चार्पीचा हातोडा सेकंदाला ५ मीटरच्या आसपास येऊन खाच पाडलेला जॉब तोडतो आणि तुम्हाला एक आकडा देतो, इतके ज्यूल. मटेरियल ठिसूळ आहे की चिवट हे त्यातून कळतं, पण स्ट्रेस-स्ट्रेनचा कर्व्ह मिळत नाही आणि सॉफ्टवेअरला तर कर्व्हच हवा असतो. ड्रॉप वेट म्हणाल तर १ मीटरवरून वजन सोडलं की खाली येईपर्यंत वेग होतो सेकंदाला ४.४ मीटर, शिवाय लोड सेल स्वतःच घंटेसारखा वाजायला लागतो, त्यामुळे ग्राफमधे जॉब किती आणि लोड सेल किती हे वेगळं काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून दर सेकंदाला १०० ते १०,००० स्ट्रेन रेटच्या पट्ट्यात काम असेल तर स्प्लिट हॉपकिन्सन बार. हा लेख फक्त त्याबद्दल, आणि तोही फक्त कॉम्प्रेशनचा. टेन्शन आणि टॉर्शनचे सेटअप असतात, पण सुरुवात तिथून करू नका, ग्रिपिंगमधेच वर्ष जाईल.

हे मशीन नक्की काय मोजतं

इथे जवळपास सगळे चुकतात. हा सेटअप जॉबला हातही लावत नाही. जॉबवर स्ट्रेन गेज (ताण-दाब मोजणारी चिकटवायची पट्टी) नाही, लोड सेल नाही, काही नाही. दोन लांब सळया, मधे चिमटल्यासारखा छोटासा जॉब, आणि गेज चिकटवलेत सळयांवर, जॉबपासून लांब.

नाशिककरांना समजावताना मी दुतोंड्या मारुतीचं उदाहरण देतो. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हे बघायला आपण धरणावर जात नाही, रामकुंडाजवळ उभं राहून पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला हे बघतो आणि वर काय झालं असेल ते ओळखतो. गेज म्हणजे आपला मारुती. सळईतून लाट जाताना त्याच्या अंगावरून किती उंच गेली एवढंच तो सांगतो, जॉबचं काय झालं ते आपण गणितानं काढायचं. त्यामुळे सळया, अलाइनमेंट आणि गेज गंडले तर जॉब कितीही चांगला असू दे, येणारा ग्राफ खोटा. आणि वाईट म्हणजे दिसायला एकदम खरा दिसतो.

थोडा इतिहास, कारण व्हायव्हाला विचारतात. बर्ट्रम हॉपकिन्सननं १९१४ साली स्फोटाचा आणि गोळीचा दाब मोजायला लांब सळईची आयडिया वापरली. त्याच्या वडिलांनी, जॉन हॉपकिन्सननं, १८७२ मधेच तारेवर वजन आदळून प्रयोग केले होते. १९४९ मधे कोल्स्कीनं सळईचे दोन भाग करून मधे जॉब ठेवला. म्हणून काही लोक याला कोल्स्की बार म्हणतात, दोन्ही एकच.

बाय द वे, आमच्या लॅबमधे 'बार' शब्दाचा फार घोळ होतो. सळई म्हणजे बार, कॉम्प्रेसरचं प्रेशर बारमधे, गन उडवली की आपण म्हणतो बार उडाला, आणि नीट नाही उडाला तर फुसका बार. चौथा बार कॉलेज रोडवर. तर गोंधळ नको म्हणून पुढे मी सळईच म्हणतो.

सळया बनवून घेताना

तीन सळया लागतात. छोटी ती स्ट्रायकर, हवेच्या दाबावरच्या गनमधून सुटते. मग इन्सिडंट, मग जॉब, मग ट्रान्समिशन. पुढे उदाहरणाला मी हे माप धरतोय: व्यास २० मिली, दोन लांब सळया दीड-दीड मीटर, स्ट्रायकर ३०० मिली, मटेरियल तिन्हीचं एकच. मॅरेजिंग स्टील मिळालं तर उत्तम, पण बजेट बघता हार्डन केलेलं ईएन २४ शिकायला चालतं. व्यास तिन्हीचा सारखा ठेवा, म्हणजे स्ट्रायकरची लाट स्वच्छ चौकोनी पुढे जाते.

सरळपणा महत्त्वाचा. सेंटरलेस ग्राइंडिंग करूनच घ्या आणि घ्यायला जाल तेव्हा सरफेस प्लेटवर दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवून डायल लावून बघा, तिथेच, घरी आणून नाही. आम्ही पहिल्यांदा टेम्पोत तिरकी टाकून आणली होती, खाली आधार नाही, वर कोणीतरी पोतं टाकलेलं. लॅबमधे आल्यावर डायल नाचायला लागला. चूक ग्राइंडिंगवाल्याची नव्हती, आमची होती. तेव्हापासून सळई लाकडी फळीला बांधून आणतो, मुलगी सासरी पाठवतात तितक्या काळजीनं.

सळईची टोकं अक्षाला काटकोनात हवीत, कडेला अगदी बारीक चँफर. सळया बेअरिंग ब्लॉकमधे बसवल्यावर एका बोटानं ढकललं की सरकली पाहिजे. कुठे अडकत असेल तर ब्लॉक हलवा, सळई घासू नका. दोन सळयांची टोकं एकमेकांना टेकवून मागून टॉर्च धरा, फटीतून प्रकाश दिसला तर अजून काम बाकी आहे. अलाइनमेंटला अख्खा दिवस गेला तर गेला.

गेज

प्रत्येक लांब सळईच्या मधोमध दोन गेज, समोरासमोर, एक वर एक खाली. दोन का, तर सळई थोडी जरी वाकली तरी एकावर ताण आणि दुसऱ्यावर दाब येतो आणि ब्रिजमधे (गेज जोडायचं चार भुजांचं सर्किट) समोरच्या भुजांना जोडलेत तर तो वाकण्याचा भाग कटाप होतो. गेज छोटा घ्या, १ ते २ मिलीचा, कारण लाटेची चढती बाजू लांब गेजवर पसरट होते.

चिकटवायची पद्धत सगळ्यांना यूट्यूबवर मिळते, मी फक्त पावसाळ्याचं सांगतो. जुलै-ऑगस्टमधे नाशिकला हवेत इतका ओलावा असतो की गेज आणि सळईमधलं इन्सुलेशन उतरतं आणि झीरो दिवसभर सरकत राहतो. चिकटवण्याआधी जागा ॲसिटोननं पुसा, हेअर ड्रायरनं कोमट करा, चिकटल्यावर मल्टिमीटर लावून गेज आणि सळईत रेझिस्टन्स बघा आणि मग वरून कोटिंग द्या. वायरचा थोडा लूप सैल ठेवा आणि सळईला टेपनं बांधा, नाहीतर प्रत्येक शॉटला सोल्डरिंग तुटणार. तुटतंच, पण जरा उशिरा तुटतं.

आता सिग्नल किती येतो ते आधीच काढून ठेवा, म्हणजे स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) काय शोधायचं ते कळेल. स्टीलमधे लाटेचा वेग सेकंदाला ५,००० मीटर धरा. स्ट्रायकर २० मीटर प्रति सेकंदानं आला तर सळईतला स्ट्रेन म्हणजे वेग भागिले लाटेच्या वेगाची दुप्पट, २० भागिले १०,०००, म्हणजे ०.००२, म्हणजेच २,००० मायक्रोस्ट्रेन. स्ट्रेस झाला ४०० मेगापास्कलच्या आसपास, हार्डन केलेली सळई आरामात इलॅस्टिक राहते. ब्रिजला ५ व्होल्ट, गेज फॅक्टर २, दोन ॲक्टिव्ह गेज, तर आउटपुट १० मिलिव्होल्ट. एवढंसं. म्हणून १०० पट ॲम्प्लिफायर लागतो, आणि तो जलद हवा, निदान १०० किलोहर्ट्झ बँडविड्थ, त्याहून जास्त असेल तर सोन्याहून पिवळं. वजनकाट्यातला ॲम्प्लिफायर आणून लावणारे मी पाहिलेत, त्यात अख्खी लाट गोल गुळगुळीत टेकडी होऊन येते.

सगळी घटना किती वेळाची? स्ट्रायकरच्या लांबीची दुप्पट भागिले वेग, ६०० मिली भागिले ५,००० मीटर, म्हणजे १२० मायक्रोसेकंद. पापणी लवायच्या आत असे हजारेक शॉट बसतील. स्कोपचं सॅम्पलिंग सेकंदाला निदान १० लाख ठेवा, १ कोटी असेल तर निवांत.

ट्रिगरचा एक किस्सा. आमच्या शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालायचं. स्कोप आर्म करून बसलो की तिकडे इलेक्ट्रोड टेकला रे टेकला की इकडे ट्रिगर, स्क्रीनवर लाट म्हणून काहीतरी भलतंच. दोन दिवस आम्ही त्या लाटांना खरं समजून चर्चा करत होतो! शेवटी शील्डेड केबल, एकाच ठिकाणी अर्थिंग आणि दुपारी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत शॉट, असा तोडगा निघाला. पहिले दोन उपाय पुस्तकात मिळतील, खरा उपयोग तिसऱ्याचा झाला.

जॉब न ठेवता शॉट

ही पायरी वगळलीत तर पुढचं काही वाचू नका. दोन्ही सळया मधे ग्रीस लावून एकमेकांना टेकवा आणि मारा. इन्सिडंट सळईतली लाट जशीच्या तशी ट्रान्समिशनमधे गेली पाहिजे, परत येणारी लाट जवळपास शून्य. परत काही येत असेल तर टोकं नीट टेकत नाहीयेत किंवा अलाइनमेंट गेलंय.

मग सळया वेगळ्या करा आणि फक्त इन्सिडंटवर मारा. मोकळ्या टोकाला आपटून लाट उलटी होऊन परत येईल. गेज मधे आहे, तिथून टोक ७५० मिली आणि परत ७५० मिली, दोन लाटांमधे ३०० मायक्रोसेकंद यायला हवेत. तुमचे जे येतील त्यावरून तुमच्या सळईचा खरा लाटेचा वेग काढा आणि पुढे तोच वापरा, पुस्तकातला ५,००० विसरा. लाट १२० मायक्रोसेकंदांची आणि अंतर ३००, म्हणजे जाणारी आणि येणारी एकमेकांवर चढत नाहीत हेही इथेच कळतं.

तिसरी गोष्ट, बॅरलच्या तोंडाशी ५० मिलीवर दोन लाइट सेन्सर लावा. २० मीटरला त्यांच्यातला वेळ अडीच मिलिसेकंद येतो. या वेगावरून काढलेला स्ट्रेन आणि गेजनं दाखवलेला स्ट्रेन जुळला पाहिजे. पाचेक टक्क्यांच्या बाहेर फरक असेल तर ब्रिजमधल्या एका गेजला समांतर ६० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर (शंट) लावा, १२० ओहमच्या गेजला तो १,००० मायक्रोस्ट्रेन दाखवायला हवा. नाही दाखवला तर दोष इलेक्ट्रॉनिक्समधे, दाखवला तर चिकटवण्यात.

जॉब कसा असावा

पहिला जॉब ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचाच घ्या. कारण हे मटेरियल या पट्ट्यात स्ट्रेन रेटला फारसा भाव देत नाही, यूटीएमच्या कर्व्हपेक्षा थोडंच वर जातं. तुमचा कर्व्ह दुप्पट आला तर शोध लागलेला नाही, चूक झालीये. माइल्ड स्टील उलट, त्याचं यील्ड (जिथे ते कायमचं दबायला लागतं तो स्ट्रेस) खरंच दुपटीच्या आसपास जाऊ शकतं, त्यामुळे तिथे चूक आणि विज्ञान यातला फरक नवख्याला कळत नाही.

माप: व्यास १०, उंची ५ मिली. दोन्ही तोंडं समांतर, एक शतांश मिलीच्या आत. इथे टर्नरशी भांडण ठरलेलं. आमचे अण्णा, तीस वर्षं लेथवर, ड्रॉईंग बघून म्हणाले, "साहेब, एवढ्याशा बुच्चीला एक शतांश कशाला? इंजेक्शन पंपाचा पार्ट आहे का हा?" आणि पहिल्या लॉटमधे प्रत्येक जॉबच्या मधोमध फेसिंगचं बारीकसं टेंगूळ. बोटाला लागतही नव्हतं, पण ते टेंगूळ आधी दाबलं जातं आणि ग्राफची सुरुवात लोळत लोळत वर जाते. मी अण्णांना दोन्ही ग्राफ छापून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण पुढचा लॉट स्वतः पेपरवर घासून, मायक्रोमीटरनं मोजून, प्रत्येकाची उंची पुडीवर लिहून दिला. तेव्हापासून मी टर्नरला ड्रॉईंग कमी आणि ग्राफ जास्त दाखवतो.

दोन्ही तोंडांना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, अगदी पातळ. जास्त झालं तर शॉटच्या वेळी ग्रीसच आधी दाबलं जातं, कमी झालं तर घर्षणानं जॉब ढोलकीसारखा मधे फुगतो.

आणि पल्स शेपर विसरू नका. स्ट्रायकर आदळतो त्या टोकावर तांब्याची छोटी चकती ग्रीसनं चिकटवायची, म्हणजे लाट एकदम भिंतीसारखी न चढता जरा उतारानं चढते आणि जॉबला दोन्ही बाजूंनी सारखा दाब यायला वेळ मिळतो. आम्ही भांडी बाजारातून १ मिलीचा तांब्याचा पत्रा आणतो, पंच मारून चकत्या पाडतो, गॅसवर लाल करून पाण्यात टाकतो, की मऊ पडतात. दुकानदार विचारतो कसला देव बनवताय. एक चकती एका शॉटला, दाबलेली पुन्हा वापरू नका.

शॉट

३०० मिलीचा २० व्यासाचा स्ट्रायकर पाऊण किलोचा असतो, २० मीटर वेगानं त्यात १५० ज्यूल असतात. हे आकडे ऐकायला छोटे वाटतात, बोट मधे आलं की कळतात. गनमधे हवा असताना सळयांच्या मधे हात जाताच कामा नये, जॉब आधी ठेवायचा आणि हवा नंतर भरायची, हा क्रम कधीही उलटा नाही. जॉबभोवती पॉलिकार्बोनेटचं कव्हर, डोळ्याला चष्मा, कानाला मफ, आणि ट्रान्समिशन सळईच्या मागे डँपर लागलाय का ते बघा, आम्ही एकदा विसरलो तर सळईनं भिंतीचं प्लास्टर उचकटलं. दार लावून मोठ्यानं "मारतोय" म्हणायचं. हसतात पोरं, हसू दे.

शॉट झाला की ग्राफवर झडप घालायची नाही. आधी टाकीतली उरलेली हवा सोडा.

ग्राफ वाचणं

तीन लाटा मिळतात: गेलेली, परत आलेली आणि पलीकडे पोचलेली. परत आलेलीवरून जॉबचा स्ट्रेन रेट, पलीकडे पोचलेलीवरून स्ट्रेस. आपल्या उदाहरणात करून बघू. जॉबचा सरासरी स्ट्रेस ४०० मेगापास्कल धरला. सळईचं क्षेत्रफळ जॉबच्या चौपट, म्हणून सळईत १०० मेगापास्कल, म्हणजे ५०० मायक्रोस्ट्रेन. आलेले २,०००, पलीकडे गेले ५००, म्हणून परत आले १,५००. स्ट्रेन रेट म्हणजे लाटेच्या वेगाची दुप्पट गुणिले हा स्ट्रेन भागिले जॉबची उंची: १०,००० गुणिले ०.००१५ भागिले ०.००५, म्हणजे दर सेकंदाला ३,०००. १२० मायक्रोसेकंदात एकूण स्ट्रेन ०.३६. म्हणजे ५ मिलीचा जॉब ३.२ मिलीवर यायला हवा. हे गणित शॉटच्या आधी कागदावर हवं, नंतर नाही.

सगळ्यात महत्त्वाचा चेक: गेलेली आणि परत आलेली लाट चिन्हासकट बेरजेला घ्या, ती पलीकडच्या लाटेवर बसली पाहिजे. याचा अर्थ जॉबच्या दोन्ही तोंडांवर सारखं बळ आहे. बसत नसेल तर त्या भागातला डेटा फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी. जॉबमधे लाट तीन-चार वेळा इकडून तिकडे जाईपर्यंत तोल येतच नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन टक्के स्ट्रेनवर मी कधीच भरवसा ठेवत नाही. आणि या टेस्टमधून यंग्ज मॉड्युलस काढून रिपोर्टमधे लिहिलात तर परीक्षकानं तुम्हाला तिथेच धरावं. लाटेची सुरुवात दोन मायक्रोसेकंद इकडे-तिकडे धरली की तो उतार पूर्ण बदलतो.

लाटेवर बारीक कंगोरे दिसतील, ते जॉबचे नाहीत. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी सळईत वेगवेगळ्या वेगानं पळतात म्हणून ते येतात. स्मूदिंग मारून लपवू नका, पल्स शेपर नीट लावा, निम्मे आपोआप जातात.

आणखी एक गोष्ट, जॉब तापतो. एवढ्या कमी वेळात उष्णता बाहेर पडत नाही. साधारण ९० टक्के काम उष्णतेत गेलं असं धरलं तर आपल्या ॲल्युमिनियमच्या जॉबचं तापमान ५० अंशांनी वाढतं. म्हणजे कर्व्हमधे रेटनं कडक होणं आणि तापून मऊ होणं दोन्ही एकत्र आहे. सिम्युलेशनला मटेरियलचा कर्व्ह देणाऱ्या जॉन्सन-कुक मॉडेलच्या सूत्रात या दोन्हीला वेगवेगळे कंस आहेत ते याचसाठी, नुसता एका रेटचा डेटा टाकून ते फिट करायला बसू नका, यूटीएमचा, हॉपकिन्सनचे दोन-तीन रेट आणि तापमानाचा असा सगळा लागतो.

प्लास्टिक किंवा रबर करायचं असेल तर स्टीलच्या सळईत पलीकडे सिग्नलच पोचत नाही, तिथे ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या सळया लागतात. काँक्रीटला खडीच्या मानानं जॉब मोठा लागतो, म्हणून सळयाही जाड, ५०-७५ मिली. ते पुन्हा कधीतरी.

शेवटी जॉब शोधा, कव्हरमधे कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असतो, काळा ग्रीस लागलेला, अजून कोमट. पुसा आणि मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी उंची मोजा. गणितानं ३.२ सांगितलं होतं आणि हातात २.८ आलं, तर बहुतेक सळई उलटी येऊन जॉबला दुसरा-तिसरा फटका बसलाय, तोंडावरच्या खुणा बघा. तिन्ही ठिकाणी उंची वेगळी असेल तर परत अलाइनमेंट. आमचा पहिला जुळलेला जॉब ३.२४ आला होता, पुडीवर अण्णांच्या अक्षरात ५.०० लिहिलेलं होतं, त्याखाली मी पेनानं ३.२४ आणि शॉट नंबर १७ लिहिलं, आणि आधीच्या सोळा पुड्या वेगळ्या डब्यात टाकल्या.